आतला जिना

"तुमचा नकाशा चुकलाय," सुचित्रा म्हणाली.

ती गल्लीत, लोखंडी जिन्याखाली उभी होती. कोळीवाड्यातली ती गल्ली इतकी अरुंद, की नकाशा उघडायला तिला तो तिरका धरावा लागला. पालिकेच्या इमारत खात्यात ती इंजिनिअर होती. अर्ज आला की जागा बघून जायची. अर्जदार दगडू तिच्या बाजूला हात मागे बांधून उभा होता. म्हातारा या पाहणीसाठी इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

"हे बघा काका. पिवळं म्हणजे तोडायचं, लाल म्हणजे नवीन. तुमच्या नकाशावाल्याने हा बाहेरचा जिना पिवळा केलाय आणि घराच्या आतला लाल. उलट झालंय."

"उलट नाही मॅडम. तसंच करायचंय."

सुचित्राने मान वर केली. जिना भिंतीला धरून वरच्या मजल्यावर जात होता. वर वेगळं दार होतं, दाराला वेगळी बेल.

"अहो, लोक आतला जिना बाहेर काढायला धडपडतात. जागा सुटते. तुमची खोली एवढीशी, त्यात जिना घेतलात तर झोपणार कुठे?"

"जिन्याखाली."

ती हसली. दगडू हसला नाही, तेव्हा तिनेही हसू आवरलं.

"वर कोण राहतं?"

"मुलगा. सून. नात."

"आणि त्यांनी रोज तुमच्या खोलीतून जायचं-यायचं?"

दगडूने कठड्यावरचा गंज नखाने खरवडला.

"नातीला चष्मा लागला. मला ते बाजूच्या मालनने सांगितलं, कोळंबी सोलता सोलता." त्याने वर पायऱ्यांकडे बघितलं. "वर-खाली करतात ते ऐकू येतं मॅडम. पायांवरनं कळतं कोण गेलं. पण चष्मा काय ऐकू येत नाही."

सुचित्राने नकाशाची घडी घातली. ती नीट बसली नाही, म्हणून पुन्हा उघडून घातली.

"इतक्या छोट्या कामासाठी इथे कोणी अर्ज करत नाही हो. तुम्ही कशाला केलात?"

"पालिकेचा कागद असला म्हणजे बरं. मी सांगितलं म्हणून केलं, असं होत नाही मग."

ती काही बोलणार, तेवढ्यात डोक्यावर लोखंड वाजलं. दगडूची सून, पूर्वी, झपाझप उतरत होती, खांद्याला पर्स, कानाला फोन. शेवटच्या पायरीवर तिने फोन बाजूला धरला.

"बाबा, काय झालं? कोण आलंय?"

सुचित्राने तोंड उघडलं.

"पाण्याच्या लाइनचं बघायला आल्यात," दगडू घाईने म्हणाला.

"बरं झालं. मॅडम, सकाळचं प्रेशर बघा ना जरा. वर थेंब चढत नाही." पूर्वी अंग चोरून दोघांमधून निघाली आणि फोनवर बोलत बोलत गल्लीच्या वळणाआड गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर सुचित्रा दगडूकडे वळली.

"काका, वरच्यांची संमती लागते. त्यांची वाट बदलतेय, त्यांनी सही द्यायला हवी."

"कागद आल्यावर दाखवला तर?"

"आधी सही, मग कागद." तिने अर्ज त्याच्या हातात दिला. "विचारून तर बघा." चार पावलं जाऊन ती वळली. "आणि पाण्याचं खातं माझ्याकडे नाही हां."

संध्याकाळी जिन्यावर जड पावलं वाजली, मध्ये एकदा थांबली, पुन्हा वाजली. मुलगा हितेंद्र कामावरून आला होता. त्याचा चहा होईल एवढा वेळ दगडूने जाऊ दिला. मग खिशाला पेन लावलं, अर्ज घेतला आणि तो जिना चढू लागला. आपल्या पायांचा आवाज या जिन्यावर कसा होतो, ते त्याला माहीत नव्हतं. बराच होत होता.

बेल दाबायच्या आत दार उघडलं.

"बाबा, तुम्ही?" हितेंद्र म्हणाला. "मला वाटलं कुरिअरवाला. काही हवं होतं का? फोन करायचा ना, उगाच कशाला चढलात?"

दगडूने अर्जाचा हात पाठीमागे नेला. आत नात मनवा गृहपाठ करत बसली होती. तिने मान वर केली. निळ्या काड्यांचा, गोल काचांचा चष्मा होता. त्यामागे डोळे होते त्यापेक्षा मोठे दिसत होते.

"आजोबा!" ती म्हणाली आणि पुन्हा वहीत बघू लागली.

"छान दिसतो हिला," दगडू म्हणाला.

"अरे हो, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं." हितेंद्रने दार आणखी उघडलं. "पूर्वीचा फोन आला होता, पाण्याची माणसं येऊन गेली म्हणाली. काय बोलली?"

मागच्या हाताने दगडूने अर्जाची घडी केली, मग घडीची घडी केली.

"करतो बोलली."

"झकास! तुम्ही मागे लागलात म्हणून. या ना आत."

"नको. कुकर लावलाय."

तो वळला. पायाखाली जिना डुलला, तसा हितेंद्र उंबऱ्यापर्यंत आला.

"जपून बाबा. हा जिना एकदा पक्का करून घ्यायला हवा. बघतो मी."

"अर्ज करावा लागतो त्याला," दगडू म्हणाला.

आणि कठड्याला अंग लावून, वर येणाऱ्याला वाट राहील असा, तो एकेक पायरी उतरत गेला.