फोन न उचलल्यास

साहेब, घोळ तुमचा आहे, मशीनचा नाही. तुमच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या वेळा लावणाऱ्या एआय एजंटला 'वेळ रद्द करा' हे टूल कधी वापरायचं, ते मी नीट लिहून दिलं होतं. त्याने खात्रीसाठी केलेला फोन पेशंटने उचलला नाही, तर पेशंट इथे येऊन बसलाय का ते आधी बघायचं, मगच रद्द करायचं.

तुम्ही म्हणालात, "अहो, केवढं हे पाल्हाळ! ते काय कुक्कुलं बाळ आहे? समजून घेईल." आणि 'फोन न उचलल्यास रद्द' एवढंच ठेवलंत.

आज त्याने माझ्या आईची वेळ रद्द केली. 'आत फोन बंद ठेवा' ही तुमचीच पाटी वाचून, फोन बंद करून, ती सकाळपासून तुमच्याच बाकावर बसलीय. पाय सुजलेत. मला विचारते, "बाळा, माझा नंबर कधी रे?"

बाहेर या आणि तिला तुम्हीच सांगा. कधी?