सहा आकडे

"वाजला बघ! वाच काय आलंय ते," डोळ्यांवर पट्टी बांधलेला नवरा आरामखुर्चीतून खेकसला.

"विजेच्या बिलाचं आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आठवडाभर मोबाइलकडे बघायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून तो तिच्या हाती आला. एरवी उशाखालून हलत नसे. देताना नवऱ्यानं तोंड वाकडं केलं होतं. "धर. तुला त्यातलं डोंबल कळणार!"

हे कुणाला, तर जिनं टेलिफोन ऑफिसात साऱ्या गावाचे फोन जोडून दिले तिला. बाळंतपणं, मरणं, भांडणं, सगळं तिच्या हातून गेलं होतं. पेन्शन तिची, खातं तिचं. खात्याला जोडलेला नंबर मात्र याचा. पैसे काढायचे तर सहा आकड्यांचा मेसेज याच्याकडे येई, आणि हा मोबाइल छातीशी धरून विचारी, "कशाला?" उत्तर पटलं तर आकडे सांगे, भिकाऱ्यापुढे चिल्लर टाकावी तसे एकेक.

मागच्या महिन्यात तिच्या आक्काला कवळी करून द्यायची होती. आक्का बिचारी भाकरी दुधात भिजवून गिळत होती.

"या वयात दात कशाला? कुणाला चावायचंय?" स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसत सुटला. हसता हसता आकड्यांची मुदत टळली.

नंबर बदलायला ती बँकेत गेली, तर खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आजी, आधी जुन्या नंबरवर मेसेज जाईल. ते आकडे सांगा, मग बदलू." म्हणजे कोंडवाड्यातून सुटायचं, तर परवानगी कोंडवाडेवाल्याचीच!

आज सकाळी ती त्याचा मोबाइल पिशवीत टाकून डोळ्यांचं औषध आणायला गेली. उशीर झाला म्हणून त्यानं तिचं सगळं माहेर उद्धरलं. तिनं थेंब घातले.

संध्याकाळी पुन्हा टिंग झालं.

"वाच!"

"तुमचा नाही. माझा वाजला. बँकेचा मेसेज आहे."

पिठाच्या डब्यामागे महिनाभर लपवलेला नवाकोरा मोबाइल तिच्या हातात होता. त्यावर बँकेचे सहा आकडे आले होते. चष्मा पुसून तिनं ते दाबले. आक्काच्या दातांच्या डॉक्टरांचे पैसे पोचले.

"तुझा? अगं, बँकेचा मेसेज तुझ्याकडे कसा? पैसे काढलेस की काय? कशाला?"

"चावायला," ती म्हणाली.