समासातल्या मुली

"या लेखिकेच्या पुस्तकांवर मुली तुटून पडतात आणि समासात पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवतात. शिवून झालं की कडा सगळ्या कापून टाका," ग्रंथपाल बाईंनी बजावलं होतं.

सकाळीच मुलीवर खेकसून आलेल्या बाइंडरनं कटरच्या पात्याला धार लावली. कापण्याआधी एक पान सहज वाचलं. नायिकेच्या वडिलांपाशी कुणीतरी लिहिलं होतं, "बाप आहे की राक्षस!" खाली दुसरीनं, "माझे बाबाही असेच." तिसरीनं, "माझ्या बाबांपुढे हे परवडले." आणि शेवटी, त्याच्याच मुलीच्या तिरप्या अक्षरात, "माझे नाहीत. नुसता आवाज मोठा आहे."

संध्याकाळी बाईंनी पुस्तक उलटून पाहिलं. "अहो, कडा तशाच?"

"पातं बोथट झालंय," बाइंडर इतक्या हळू म्हणाला, की बाईंना पुन्हा विचारावं लागलं.