काढून ठेवलेले सेल

म्हातारीने रेडिओचं बटण फिरवलं. खट्ट झालं, आवाज काही आला नाही. पुन्हा फिरवलं. मग तिने रेडिओ उचलून मांडीवर घेतला. रिकाम्या डब्यासारखा हलका लागला.

“सेल काढून ठेवलेत, आई,” दारातून मुलगा म्हणाला. शाबासकी घ्यायला पाठ पुढे करावी, तसा सूर होता.

दवाखान्यातून तिला आत्ताच आणलं होतं. जिना चढताना एका बाजूने मुलगा, दुसऱ्या बाजूने सून. खोलीत आल्यावर तिला खुर्चीत टेकवावं लागलं, कारण पलंगावर नुसत्या फळ्या होत्या. गादी गुंडाळून, सुतळीने आवळून पायथ्याशी उभी केलेली. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. भिंतीवरचं घड्याळ थांबलेलं.

“त्याचाही काढला?”

“सगळ्यांचे. रेडिओ, घड्याळ, तुझी बॅटरी.” त्याने कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली. आत सेल जोडीजोडीने रबर लावून ठेवलेले. “जुने-नवे मिसळले नाहीत. आतच राहिले असते तर पाझरले असते, रेडिओ कायमचा गेला असता. बघ, आतून कसा लख्ख आहे.”

रेडिओ लख्ख होता, हे खरंच होतं. घरातलं सगळंच लख्ख होतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत, मिक्सर टोपड्यात. नवा सोफा येऊन किती वर्षं झाली, त्याच्या अंगाला अजून माणसाचं अंग लागलं नव्हतं. नातेवाईक मुलाला पाठीमागे ‘कव्हर’ म्हणत. म्हातारी तोंडावर म्हणे.

“कधी काढलेस रे, कव्हर?”

“काय?”

“सेल.”

“ते... मध्ये.”

“मध्ये म्हणजे?”

सुनेने दवाखान्याची पिशवी उघडून त्यातले टॉवेल उगाच पुन्हा घडी करायला घेतले.

“तुला मशीनवर ठेवलं होतं ना, तेव्हा,” मुलगा म्हणाला. “मी एकदा कपडे बदलायला घरी आलो होतो. म्हटलं, आलोच आहे तर...”

“तर उरकून टाकू.”

“आई, काहीतरीच काय बोलतेस!”

“डॉक्टर बिचारे रात्रंदिवस तपासत होते. तुझं निदान कधीच झालं होतं.”

“अगं, तूच शिकवलंस ना? बरेच दिवस वापर नसला की सेल काढून ठेवायचे. लहानपणी टाळक्यात मारून शिकवलंस.”

शिकवलं तिनेच होतं. शिवणाच्या मशीनशेजारी तिचा रेडिओ दिवसभर चाले. एकदा त्यात सेल पाझरले, तेव्हा तिने व्हिनेगरचा बोळा आणि आगकाडी घेऊन खपली खरवडली होती, आणि त्या दिवसापासून घरात हा कायदा झाला. कायदा बरोबर होता. वापर संपला हे कोणी ठरवायचं, तेवढं कायद्यात घालायचं राहिलं होतं.

“बरेच दिवस,” ती म्हणाली. “आणि गादी? तीही पाझरली असती?”

“कसर लागते.”

“माणूस निघायच्या आधीच?”

सून पुटपुटली, “मी म्हटलं होतं ह्यांना, आत्ता नका म्हणून.”

“तू गप्प बस,” मुलगा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. जन्मभर नीटनेटका राहिलेला माणूस आपला नीटनेटकेपणा अंगावर उलटला की फार चिडतो. तो ताडताड कपाटाशी गेला आणि आईचेच दात आईच्या घशात घालायला काहीतरी घेऊन आला.

“आता हे बघ. आम्हाला शहाणपण, आणि स्वतः?”

त्याच्या हातात गजराचं घड्याळ होतं. त्याचंच, कॉलेजातलं.

“तुझ्या साड्यांच्या मागे होतं. सेल काढताना सापडलं.” त्याने मागचं झाकण नखाने उचकटलं. आत पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. पत्र्याची पट्टी कुरतडल्यासारखी झाली होती, स्प्रिंगचा नुसता ठिपका उरला होता आणि सेल फुटून जागेवरच चिकटला होता. भुकटी त्याच्या स्वच्छ बोटांवर आली. त्याने बोटं लांब धरली. “चांगलं घड्याळ मातीत घातलंस. याच्या गजरावर उठायचो मी. मी नोकरीला बाहेर गेलो, वर्षानुवर्षं तिकडेच होतो. याला हात लावायलासुद्धा कोणी नव्हतं. तेव्हा कुठे गेला होता तुझा कायदा? एक सेल काढायला काय झालं होतं तुला?”

म्हातारी घड्याळाकडे पाहत राहिली.

“तू येतो म्हणून गेला होतास,” ती म्हणाली. “मग सेल काढणार कसा?”

मुलाने झाकण लावायला घेतलं. ते बसेना.

सून उठली. पलंगाच्या पायथ्याशी उकिडवी बसून गादीची सुतळी सोडवू लागली. बोटांनी जमेना, तेव्हा तिने दात लावले. गाठ पक्की होती. नवऱ्याच्या हातची होती.