सुडाआधीचा भाग

कुणालने सिनेमातला शिकवणीचा भाग पुन्हा पुढे पळवला, तसा गोदूबाईने त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि सीडी मागे नेली. तोंडाने काही म्हणाली नाही. श्रावणातला सोमवार होता. आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तिचं मौन असे.

"आये, ह्यो भाग बोर हाय," कुणाल, तिचा लेक, कुरकुरला. "मारामारी शेवटाला हाय."

ती बेलाची पानं निवडत बसली होती, पण नजर टीव्हीवर होती. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला तो तरणा पोर डोंगरातल्या म्हाताऱ्या गुरूकडे आला होता. गुरूने तलवार दिलीच नाही. दोन्ही हात पसरायला लावून मनगटांना पाण्याचे घडे टांगले आणि ओढ्यावरच्या फळीवरून चालवलं. थेंब सांडला की पुन्हा पहिल्यापासून. पोर पडत होता, उठत होता. ना कुरकूर, ना शिवी.

गोदूबाईचा हात पानावर तसाच राहिला. काय ही निष्ठा! देवाचं नाव घेत नसला तरी करतोय ते व्रतच की. आणि गुरू तरी केवढा खंबीर! दिवसभर एक गोड शब्द नाही. पण पोर झोपला की त्याच्या सोललेल्या मनगटांना गुपचूप तेल लावून जात होता. तिचे डोळे भरून आले.

"आये, तुझा हिरो कोन? म्हातारा का तरना?" उन्नतीने, तिच्या लेकीने, स्वयंपाकघरातून विचारलं.

गोदूबाईने हसून म्हाताऱ्याकडे बोट केलं.

कुणाल हसला नाही. काल काल्हेरच्या गोदामाच्या गेटवर चुलतभावाने, प्रितेशने, हमालांच्या देखत त्याच्या कानाखाली वाजवली होती. गाल अजून सुजलेला होता. ट्रकची टॉमी, चाकं खोलायची लोखंडी सळई, सकाळपासून त्याच्या पायाशी पडली होती.

मोबाइल वाजला. गोदामावरच्या मित्राचा होता; कुणालने उचलला.

"आला प्रितेश? येकटाच हाय ना? बोलन्यात गुतव त्याला."

त्याने टॉमी उचलली.

"दादा, डोकं फिरलं काय तुझं?" उन्नती धावत आली. "आये, अगं बोल ना याला कायतरी!"

गोदूबाई उठली. ओटीतली पानं जमिनीवर सांडली. ती दारात जाऊन उभी राहिली.

"सरक, आये."

ती हलली नाही.

"सरकत न्हाय? मंग बोल! येक शबूद बोल, मी जात न्हाय. बोल ना!"

ती बोलणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागे असंच एका सोमवारी दारात बोट चेमटून तिचं नख निघालं, तेव्हाही तिने हूं की चूं केलं नव्हतं.

गोदूबाईने डोळे मिटले. मनातल्या मनात महादेवाची क्षमा मागितली आणि तोंड उघडलं.

"कु..."

कुणालचा तळवा तिच्या तोंडावर दाबला गेला. टॉमी फरशीवर खणकन पडली.

"नको," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "नको, आये. मोडू नको."

मोबाइल पुन्हा वाजायला लागला. त्याने तो तसाच वाजत असताना उन्नतीच्या हातात दिला आणि उंबऱ्याशी बसकण मारली.

"दिवा लागंपरत बसतोय मी हितंच," तो आईकडे न बघता म्हणाला. "मंग काय सांगायचं ते सांग."