मधली केबल

काटा पुन्हा तांबड्या पट्टीत गेला, तसं आदेशने माइकचं बटण सोडलं. हॅम रेडिओच्या सेटमधून निघालेली ताकद अँटेनापर्यंत न पोचता माघारी येत होती. ऐकायलाही काही मिळत नव्हतं. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी स्पीकरमध्ये नुसती बारीक खरखर. गेल्याच रविवारी याच सेटवरून तो येडगावात बसून पार नागपूरच्या माणसाशी बोलला होता.

अक्षदा दारात उभी होती. तिची नजर सेटवर नव्हती, खोलीच्या मधोमध घडीच्या गोधडीवर बसलेल्या आरोहीवर होती. लेक दोन वर्षांची व्हायला आली होती. सगळ्यांकडे पाठ करून डब्यांना झाकणं लावत होती, काढत होती.

"अहो, हिला एकदा पुण्याला दाखवू," अक्षदा म्हणाली. "मागून हाक मारली तर बघत नाही."

लसूण निवडत बसलेल्या सरूबाईंनी मान वर न करताच सुनेला सांगितलं, की आदेशही चौथं लागेपर्यंत बोलला नव्हता. आणि परवा तूच मागं ताट टाकून बघितलंस, तेव्हा वळली की पोरगी. "तू लई शिकलीस ना, म्हणून तुला शंका बी लई."

ताट पडलं की फरशी हादरते. हे अक्षदाने परवाही बोलून दाखवलं नव्हतं, आजही नाही.

आदेशने केबल काढली. अँटेनाच्या जागी तेवढीच ताकद पिऊन टाकणारा डमी लोड लावला आणि माइकचं बटण दाबलं. काटा जागचा हलला नाही.

"सेट चांगला हाय. वरची तारबी कालच बघितली," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "दोन्ही टोकं चांगली हायेत. घोटाळा मधेच हाय."

त्याने डमी लोड काढून केबल पुन्हा सेटला लावली. खरखर वाढली की हाक मार, असं बायकोला बजावून पक्कड आणि नवा कनेक्टर घेऊन तो गच्चीवर गेला. थोड्या वेळाने वरूनच त्याने सांगितलं, की उन्हाने टेप तडकलीय, आत पाणी शिरून तांब्याची जाळी हिरवी पडलीय. वीतभर कापून नवीन जोडतो.

अक्षदा दारातून हलली नाही.

आणि एकाएकी स्पीकर गरजला. सरूबाईंच्या हातातलं सूप उडालं, पाकळ्या फरशीभर झाल्या. उंबऱ्याशी झोपलेलं कुत्रं अंगणात पळालं. शेजारचा सावळाराम बांधावरून विचारायला लागला, काय फुटलं म्हणून.

आरोहीने निळं झाकण लहान डब्याला लावून पाहिलं. बसेना. तिने दुसरं उचललं.

वरून आदेश विचारत होता, आलं का, आलं का. अक्षदा आरोहीकडे बघत होती. तो हसतच जिना उतरून आला. बोटांना काळी टेप चिकटलेली. आवाज कमी करायला त्याने हात पुढे केला आणि तसाच थांबला. कानांवर हात दाबून उभ्या असलेल्या आईकडे त्याने पाहिलं. मग लेकीच्या पाठीकडे.

त्याने आवाज पार बंद केला. थोडं थांबून एकदम शेवटपर्यंत सोडला. पुन्हा बंद केला, पुन्हा सोडला. आरोही झाकणं लावत राहिली.

सरूबाई कानांवरचे हात काढायलाही विसरल्या होत्या.

आदेशने आवाज बेताचा केला. "पुण्यात कुठं न्यायचं?" त्याने विचारलं.

"नंबर लावलाय," अक्षदा म्हणाली. "मंगळवारचा."

आदेश वळसा घालून आरोहीच्या समोर जाऊन खाली बसला. बापाला बघून ती खुदकन हसली आणि हातातलं झाकण तिने त्याच्यापुढे धरलं.

सेटवर रविवारच्या गप्पांची मंडळी जमली होती. आवाज अगदी स्वच्छ येत होते. त्यातलं कोणीतरी म्हणालं, "येडगावचे आदेशभाऊ, ऐकताय का?"

उत्तरासाठी तो माणूस थांबला. मग त्याने पुन्हा हाक मारली, पुन्हा थांबला.