घर पाहणं

वलगावच्या किसनरावांकडे अकोल्याची माणसं घर पाहायला आली होती, धाकट्या शिवमसाठी. विहीर पाहिली, ट्रॅक्टर पाहिला, तुरीचं वावर पाहिलं. या घरात आधीच एक सून नांदते आहे, तिच्याकडे मात्र कोणी ढुंकून पाहील तर शपथ! पण यावेळी मुलगीही हट्टानं सोबत आली होती. आचल. अशी रीत नव्हे, पण आली.

"पौर्णिमा, हिले आतून घर दाखव," वच्छलाबाई मोठ्या सुनेला म्हणाल्या आणि स्वतःही मागोमाग निघाल्या.

पौर्णिमानं देवघर दाखवलं, धान्याची खोली दाखवली. सासू पाठ सोडेना. तेवढ्यात किसनरावांनी ओसरीवरून हाक मारली, "अवं, पाहुण्या बायायले कुंकू लावतं का नाई?" वच्छलाबाईंना जावंच लागलं.

दोघीच उरल्या. पौर्णिमा मागच्या दारापाशी थांबली. बोलावं, तर पाहुण्यांची गाडी फाट्याला लागायच्या आत नवरा चामडी लोळवेल. गप्प बसावं, तर चार महिन्यांनी हीच पोरगी इथं भांडी घासत असेल, आणि ते पाप आपल्या डोक्यावर.

तिनं मागचं दार ढकललं. "ही न्हाणी. दार लावलं का इथचा आवाज रस्त्यावर जात नाई. मले इथंच आणते."

"कोन?"

"किशोर. माहा नवरा."

आचलनं तिच्या मानेवरचा काळानिळा डाग आत्ता पाहिला.

"अन् शिवम?"

"ते टीव्हीचा आवाज मोठा करते."

बाहेर येऊन आचलनं बापाला सांगितलं, "बाबा, मले पसंत नाई." काहून, म्हणून सगळे मागे लागले. "नाई तं नाई." शहाणी पोर, पौर्णिमाचं नाव तिनं ओठावर येऊ दिलं नाही. पण वच्छलाबाई काय दूधखुळ्या होत्या? त्यांनी आत येऊन सुनेचा दंड धरला.

"काय सांगतलं वं तिले?"

त्यांच्यामागे किशोर उभा होता. "चाल न्हाणीत," तो हळूच म्हणाला. पाहुणे अजून अंगणात चपला शोधत होते.

पौर्णिमानं हिसका देऊन दंड सोडवला आणि ती सरळ ओसरीवर आली, पाहुण्यांसमोर, गल्लीसमोर. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं सावरला नाही. भीती तर एवढी वाटत होती की आत्ता पडते की मग. तरी तिनं आवाज बारीक केला नाही.

"घर दाखोलं, आई! जसं हाये तसं दाखोलं!"